अणुकेंद्रांच्या टकरींची ‘परिवहन’-प्रतिमाने : परिभाषेच्या बाजूने एक परीक्षण

हरसूलच्या विद्यार्थ्यास ‘परिवहन’ हा शब्द प्रथम भेटतो तो एस. टी.च्या संदर्भात, त्याला नाशिकास आणणारी गाडी ज्या महामंडळाची, त्याच्या नावातच तो आहे. पदव्युत्तर वर्गात हाच शब्द उच्च ऊर्जेच्या अणुकेंद्रीय टकरींच्या सिद्धान्तासाठी योजिलेला आढळला, की उतारूप्रमाणे काहीतरी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेले जात असल्याचे चित्र त्याच्या मनात उभे राहते. हे चित्र अगदीच चुकीचे नव्हे. संवेग व ऊर्जा यांचे वहन येथे होतेच. परंतु बोल्ट्झमनने १८७२ मध्ये मांडलेल्या समीकरणाचा विषय वाहतूक नसून वितरण हा आहे : कोणत्या क्षणी, कोणत्या स्थानी, किती संवेगाचे किती कण सापडतील आणि परस्परांच्या टकरींनी हा हिशेब कसा पालटेल. ‘वहन’ हा सुटसुटीत शब्द त्यामानाने बरा. तथापि हा दोष किरकोळ होय. तो पहिल्याच व्याख्यानात दूर होतो.

‘कण’ या शब्दाचे तसे नाही. १९३३ मध्ये यूलिंग व उलेनबेक यांनी वरील समीकरणात क्वांटम सांख्यिकीचा अंतर्भाव केला; ज्या अवस्थेत एक न्यूक्लिऑन आधीच आहे, तेथे तशाच दुसऱ्यास मज्जाव. १९८४ मध्ये बर्ट्श, क्रूस आणि मॅकगिल विद्यापीठातील सुबल दासगुप्ता यांनी ही पद्धती जड अणुकेंद्रांच्या टकरींस लावली. या कुळातील प्रतिमानांत संगणकात फिरणारा ‘कण’ हा न्यूक्लिऑन नव्हे. एका न्यूक्लिऑनचे अनेक अंश कल्पून त्यांच्या साहाय्याने वितरण रेखाटले जाते. तो केवळ हिशेबाचा कण होय. उलट, आइशेलिन व श्ट्योकर यांनी १९८६ मध्ये पुढे आणलेल्या क्वांटम-रेणवीय गतिकीत प्रत्येक कण म्हणजे एक अखंड न्यूक्लिऑन, ठराविक रुंदीचा लहरींचा पुंजका. पहिल्या कुळात सरासरीमुळे चढउतार पुसले जातात, आणि अणुकेंद्राचे तुकडे कसे पडतात हे सांगणे अवघड होते. दुसऱ्यात चढउतार टिकतात, पण पाउलीच्या वर्जन-तत्त्वाचे पालन अवघड होते. दोहोंस एकच नाव दिल्याने वाचकाची समजूत होते की एकाच वस्तूची ही दोन तऱ्हांची मोजदाद आहे. वस्तुतः मोजली जाणारी वस्तूच वेगळी आहे.

हा निव्वळ शब्दच्छल नव्हे. २०१६ मध्ये या दोन कुळांतील अठरा संगणक-प्रणालींना सोन्याच्या अणुकेंद्रांची एकच टक्कर व सारखीच भौतिक गृहीतके देऊन त्यांची तुलना प्रसिद्ध झाली. पार्श्व प्रवाहाविषयीच्या उत्तरांत प्रति न्यूक्लिऑन १०० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टला सुमारे ३० टक्के, तर ४०० दशलक्षला सुमारे १३ टक्के अनिश्चिती आढळली. अणुकेंद्राची आरंभीची मांडणी आणि वर्जन-तत्त्वाची अंमलबजावणी यांतील भेद त्याच्या मुळाशी होते. एखाद्या प्रणालीचा आलेख प्रयोगाशी जुळला, एवढ्यावरून तिच्या गृहीतकांस मान्यता देणाऱ्या प्रबंधांनी हे आकडे पचविले आहेत, असे म्हणवत नाही.

राहिला ‘प्रवाह’. प्रयोगकर्ता या नावाने बाहेर पडणाऱ्या कणांच्या दिशांतील असमानता मोजतो. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र नदी येते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील राजीव भालेराव यांनी ब्लेझो, बोर्घिनी व ओलित्रो यांच्यासह २००५ मध्ये नेमक्या या जागी बोट ठेवले. आदर्श द्रवात चतुर्थ प्रवाह-गुणकाचे द्वितीय गुणकाच्या वर्गाशी गुणोत्तर अर्ध्याच्या आसपास यावे. ब्रुकहेवन येथील मोजणीत ते बरेच अधिक होते. त्यावरून समतोल अपुरा राहिला असावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढे २०१० मध्ये या तफावतीचा काही भाग प्रवाहातील चढउतारांमुळे येतो, हेही दाखविले गेले. तरी मूळ प्रश्न रास्तच होता. जेथे टकरी मोजक्याच होतात, तेथेही असमानता उपजते, पण द्रव सिद्ध होत नाही. मराठीत मोजलेल्या राशीस ‘दिशा-असमानता’ म्हणून ‘प्रवाह’ हा शब्द द्रवाच्या सिद्धान्तासाठी राखून ठेवता येईल. इंग्रजीत रूढ झालेली ही गल्लत उसनी घेण्याचे कारण नाही.