कर्ता कुठे गेला? : इंग्रजी पॅसिव्ह रचना आणि प्रत्यक्ष लेखन

इंग्रजी व्याकरणाच्या तासाला पॅसिव्ह व्हॉइस शिकवण्याची रीत ठरलेली आहे. ‘राम रोट अ लेटर’ हे वाक्य फळ्यावर लिहायचे आणि विद्यार्थ्याने त्याचे ‘अ लेटर वॉज रिटन बाय राम’ असे रूपांतर करायचे. रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणाने भारतीय वर्गात रुजवलेला हा सराव आजही परीक्षेत गुण मिळवून देतो. पुढे महाविद्यालयात लेखनकौशल्य शिकताना त्याच विद्यार्थ्याला नेमका उलटा उपदेश होतो, की पॅसिव्ह टाळा, ती दुबळी रचना आहे. एके ठिकाणी निव्वळ रूपांतर, दुसऱ्या ठिकाणी सरसकट निषेध. इंग्रजीत लिहिणारे लोक ही रचना केव्हा व कशासाठी वापरतात, हा मूळ प्रश्न दोन्हीकडे बाजूलाच राहतो.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याची अडचण परिभाषेपासूनच सुरू होते. ‘रामाने पत्र लिहिले’, ‘रामाने चिठ्ठी लिहिली’ या वाक्यांत क्रियापद कर्माप्रमाणे बदलते, म्हणून मराठी व्याकरण त्यांना कर्मणी प्रयोग म्हणते. परंतु येथे राम वाक्यातील आपल्या जागेवरून हललेला नाही. इंग्रजी पॅसिव्हमध्ये मात्र कर्म उद्देश्याच्या जागी येते आणि कर्ता मागे जातो किंवा गळून पडतो. मराठीत तिच्याशी जुळणारी रचना म्हणजे ‘रामाकडून पत्र लिहिले गेले’ हा नवीन कर्मणी प्रयोग. हा भेद स्पष्ट न करता ‘पॅसिव्ह म्हणजे कर्मणी’ असे समीकरण मांडले, की पुढची सगळी उकल चुकते.

प्रत्यक्ष वापराचे चित्र पाठ्यपुस्तकाहून फार वेगळे आहे. क्वर्क, ग्रीनबॉम, लीच व स्वार्टविक यांच्या १९८५ च्या बृहद्व्याकरणानुसार पाचपैकी सुमारे चार पॅसिव्ह वाक्यांत कर्ता सांगितलेलाच नसतो. म्हणजे वर्गात ज्या ‘बाय’वर सर्वाधिक वेळ खर्च होतो, तो प्रत्यक्षात अल्पसंख्य आहे. डग्लस बायबर व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये भाषासंग्रहाच्या आधारे सिद्ध केलेल्या लॉंगमन व्याकरणात असे आढळते, की शास्त्रीय व अभ्यासपर लेखनात सुमारे २५ टक्के, वृत्तपत्रांत सुमारे १५ टक्के, तर संभाषणात अवघी २ टक्के क्रियापदे पॅसिव्ह असतात. प्रयोगाच्या अहवालात द्रावण कोणी तापवले याला महत्त्व नसते, द्रावण तापवले गेले याला असते. कर्ता गाळणे हा तेथे दोष नसून काटकसर आहे.

‘बाय’ची जागाही अर्थशून्य नाही. हैदराबादच्या चारमिनारविषयी परिच्छेद लिहिणारा लेखक चारमिनारपासून सुरुवात करतो. पुढचे वाक्य ‘इट वॉज बिल्ट इन १५९१ बाय मुहंमद कुली कुतुबशाह’ असे येते. वाचकाला माहीत झालेली गोष्ट आधी आणि नवी गोष्ट शेवटी येते, त्यामुळे तिसरे वाक्य या सुलतानाच्या दखनी काव्याकडे सहज वळू शकते. हेच वाक्य सुलतानापासून सुरू केले, तर परिच्छेदाचा धागा मध्येच तुटतो. सुटे वाक्य घेऊन केलेल्या रूपांतराच्या सरावात हा धागा दिसणे शक्यच नाही.

निषेधाचा उपदेश मुख्यतः दोन ठिकाणांहून येतो. विल्यम स्ट्रंक यांच्या पुस्तिकेत, जी ई. बी. व्हाइट यांनी १९५९ मध्ये वाढवून प्रसिद्ध केली, ॲक्टिव्ह वापरण्याचा नियम आहे. त्याखाली सुधारणेसाठी दिलेल्या चार उदाहरणांपैकी तीन पॅसिव्ह नाहीतच, हे भाषाशास्त्रज्ञ जेफ्री पुलम यांनी २००९ मध्ये दाखवून दिले. दुसरे ठिकाण म्हणजे जॉर्ज ऑर्वेल यांचा राजकारण व इंग्रजी भाषा या विषयावरील १९४६ चा निबंध. ॲक्टिव्ह शक्य असेल तेथे पॅसिव्ह नको, असे ते बजावतात. परंतु निबंधाच्या पहिल्याच वाक्यात पॅसिव्ह आहे, आणि पॅसिव्हच्या अतिवापराबद्दलची त्यांची तक्रारही पॅसिव्हमध्येच आहे. मेरियम-वेब्स्टरच्या वापरकोशाने मोजणी केली, तेव्हा या निबंधात पॅसिव्हचे प्रमाण २० टक्क्यांहून थोडे अधिक भरले. यात ऑर्वेल यांची फजिती पाहण्यापेक्षा त्यांची लेखणी पाहावी. निःशस्त्र खेड्यांवर बॉम्ब पडतात आणि त्याला गोंडस नाव दिले जाते, हे सांगणारा त्यांचा परिणामकारक भाग पॅसिव्हमध्ये आहे, कारण तेथे खेडी आधी दिसायला हवीत. त्यांचा नियम चुकला, कान चुकला नाही.

भारतीय वाचकाला याचे सर्वोत्तम उदाहरण राज्यघटनेत मिळते. उद्देशिकेत भारताचे लोक स्वतः कर्ते आहेत आणि ते घटना स्वीकृत करतात. तेथे ॲक्टिव्हच हवे, कारण सत्तेचा उगम कोठे आहे हे सांगायचे आहे. अनुच्छेद १७ मध्ये मात्र अस्पृश्यतेविषयी ‘इज अबॉलिश्ड’ अशी कर्ता नसलेली रचना येते, आणि तिच्यात दुबळेपणाचा लवलेशही नाही. अनुच्छेद २१ मध्ये कोणाही व्यक्तीचे जीवित व स्वातंत्र्य कायद्याने घालून दिलेल्या प्रक्रियेवाचून हिरावले जाऊ नये, असे म्हटले आहे. हिरावणारा कोण हे वाक्यात नाही, म्हणून संरक्षण विशिष्ट अधिकाऱ्यापुरते मर्यादित राहत नाही.

हीच रचना जबाबदारी झाकूही शकते. इराण-काँट्रा प्रकरणानंतर जानेवारी १९८७ मधील भाषणात अमेरिकेचे अध्यक्ष रेगन गंभीर चुका झाल्याचे बोलले, ‘मिस्टेक्स वेअर मेड’, पण त्या कोणी केल्या हे त्या शब्दांत नव्हते. मराठीतील ‘अर्ज नामंजूर करण्यात येत आहे’ हे कार्यालयीन वाक्य त्याच जातीचे. अर्थात कर्ता लपवण्यासाठी पॅसिव्हच लागते असेही नाही. ‘ॲन एरर ऑकर्ड’ हे ॲक्टिव्ह वाक्य आहे आणि तेही कोणाचे नाव घेत नाही. म्हणून पॅसिव्ह शोधून खोडणारा विद्यार्थी लपवाछपवी ओळखेलच याची खात्री नाही.

सामुदायिक महाविद्यालयात शिकणारे अनेक जण नोकरीचे पत्र, बँकेची सूचना, शिष्यवृत्तीचा नकार अशा कागदांतूनच इंग्रजीला सामोरे जातात. ‘युवर ॲप्लिकेशन हॅज बीन रिजेक्टेड’ याचे ॲक्टिव्ह रूप करता येणे त्यांच्या फारसे कामाचे नाही. अर्ज कोणी नाकारला आणि दाद कोणाकडे मागायची, हा प्रश्न त्या वाक्याला विचारता येणे कामाचे आहे. शिक्षकाने सुट्या वाक्यांऐवजी असे खरे कागद वर्गात आणावेत. प्रत्येक पॅसिव्हपाशी थांबून कर्ता का गाळला, तो वाचकाला हवा आहे का आणि वाक्य कशापासून सुरू झाले, हे तपासून घ्यावे. हा सराव झाल्यावर रूपांतराचे नियम एका तासात सांगता येतात. नुसत्या नियमांनी मात्र कागद वाचता येत नाही.