काचपात्राचे मूल्यमापन : स्वदेशीपलीकडची कसोटी

अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाने १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना काढला. तेथे काचकामाचे शिक्षणही दिले जाई. माणशी एका पैशाच्या वर्गणीतून साकारलेल्या या उद्योगाचे मूल्यमापन स्वदेशीच्या निकषावर होणे स्वाभाविक होय; परंतु तेवढे पुरेसे नाही. लोखंडी फुंकनळीच्या टोकावरील तप्त काचगोळा सतत फिरवीत पेला फुगविताना कारागिराचा श्वास व हात एकाच वेळी राबतात. घडलेले पात्र सावकाश निवविले नाही, तर अंतर्गत ताणाने ते तडकते. कोरीव नक्षी त्यानंतरची. म्हणून शोभिवंत पेल्याचे सौंदर्यही प्रथम काचेच्या समान जाडीत व काठाच्या डौलात शोधले पाहिजे. देशाभिमानाने कारखान्याचे महत्त्व कळते. कारागिरास न्याय मात्र वस्तूच्या परीक्षणानेच मिळतो.