‘धम्मदीप’ की ‘धर्मदीप’? नावांच्या पुस्तिकांतले शुद्ध-अशुद्ध

खापरखेड्याच्या वीजकेंद्रातली नोकरी सांभाळून गेली वीस वर्षे मी एक वही लिहितो आहे. विहारातली नामकरणे, लग्नपत्रिका, पुण्यानुमोदनाचे फलक यांत भेटलेली नावे तिच्यात टिपून ठेवतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली आणि आमच्या घराघरांतली कचरू, दगडू, धोंडू ही नावे मागे पडत गेली. सिद्धार्थ, संघमित्रा, महेंद्र, सुजाता, धम्मपाल ही नावे आली. दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांत बाळांच्या नावांच्या पुस्तिका मिळतात. दर अशोक विजयादशमीला मी त्या विकत आणतो. त्या वाचून जे वाटले, ते इथे मांडतो.

या पुस्तिका दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात ‘धम्म’पुढे ‘धर्मचा अपभ्रंश’, ‘महिंद’पुढे ‘महेंद्रचा अपभ्रंश’ असे छापलेले असते. इथे संज्ञाच चुकते. भाषेच्या इतिहासात ‘अपभ्रंश’ हा प्राकृतांनंतरचा टप्पा आहे. पाली त्याच्या कितीतरी आधीची. शिवाय पाली ही अभिजात संस्कृताची बिघडलेली लेक नव्हे. ‘धर्म’ हे रूप ‘धम्म’पेक्षा जुने, हे खरेच. पण ‘इथे’ या अर्थाचा पाली शब्द ‘इध’ हा संस्कृत ‘इह’पेक्षा जुना उच्चार जपून आहे. हे नाते आई-लेकीचे नाही, एका कुळातल्या दोन बहिणींचे आहे.

नावाचे एकच रूप खरे, हा आग्रह आपल्या लेण्यांनाही माहीत नव्हता. क्षत्रप नहपानाचा जावई नाशिकच्या लेण्यात ‘उषवदात’ आहे, तर कार्ल्याला ‘उसभदात’. संस्कृतात म्हणायचे तर ऋषभदत्त. त्याची बायको दक्षमित्रा शिलालेखात ‘दखमित्रा’ आहे. नाशिकलाच सातवाहन राजा ‘कण्ह’ म्हणून कोरला आहे आणि गौतमी बलश्री ही ‘गोतमी बलसिरी’ म्हणून. राजघराण्यांनी दगडात कोरून घेतलेल्या या रूपांना अशुद्ध कोण म्हणेल?

हा वाद माझ्या घरात शिरला तो पुतण्याच्या नावावरून. त्याचे नाव धम्मदीप. पहिलीत घालताना शाळेतल्या लिपिकाने ते ‘धर्मदीप’ लिहिले. “धम्म असा शब्द नसतो,” असे त्याने माझ्या भावाला सांगितले, आणि हातावर पोट असलेला भाऊ गप्प बसला. जन्मदाखल्यावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे. बारावीनंतर प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रातली जाहिरात यांत पैसे तर गेलेच. एका प्रवेशाची मुदतही हुकली.

तेव्हा मी विहारातल्या रविवारच्या वर्गात पाली शिकत होतो. ‘धम्मदीप’ हा शब्द मला महापरिनिब्बान सुत्तात सापडला. अखेरच्या दिवसांत भगवान बुद्ध भिक्खूंना ‘अत्तदीप’ आणि ‘धम्मदीप’ होऊन राहायला सांगतात. पुस्तिकांत या नावाचा अर्थ ‘धर्माचा दिवा’ एवढाच असतो. पण पालीत ‘दीप’ म्हणजे दिवाही आणि बेटही, कारण संस्कृतातले ‘दीप’ आणि ‘द्वीप’ हे दोन्ही शब्द तिथे एकच होतात. बुद्धघोषाच्या अट्ठकथेत या ठिकाणी अर्थ घेतला आहे तो महासमुद्रातल्या बेटाचा, आणि या सुत्ताच्या संस्कृत पाठात तर ‘आत्मद्वीप’ असाच शब्द आहे. कन्हानला पूर आलेला ज्याने पाहिला आहे, त्याला पाण्याबाहेर उरलेल्या उंचवट्याची किंमत सांगावी लागत नाही. लिपिकाने ‘धर्मदीप’ लिहिले तेव्हा नुसते अक्षर बदलले नाही. दिवा राहिला, बेट बुडाले.

दुसऱ्या प्रकारच्या पुस्तिका उलट टोकाला जातात. सिद्धार्थ नको, सिद्धत्थ हवे; प्रज्ञा नको, पञ्ञा हवे; संघमित्रा नको, संघमित्ता हवे. या आग्रहामागचा स्वाभिमान मला समजतो, पण तो पुराव्यावर टिकत नाही. ‘यशोधरा’ हे आपल्या घरोघरचे नाव बौद्ध कवी अश्वघोषाच्या संस्कृत ‘बुद्धचरिता’त आहे, पाली ग्रंथांत ती बहुधा ‘राहुलमाता’ म्हणून येते. मग यशोधरा नावाच्या आमच्या आयाबहिणींना आता परके म्हणायचे का? शिवाय आमच्याकडे ‘ण’चा ‘न’ होतो, म्हणून आजी ‘करुना’ अशी हाक मारते. पालीत मात्र शब्द ‘करुणा’ असाच आहे. म्हणजे बोलीतले ते सगळे पाली, हेही खरे नाही.

नावे प्रवासात बदलतात. आमच्याकडचा महेंद्र श्रीलंकेत महिंद होतो, सुजाता थायलंडमध्ये सुचादा. ‘बोधिसत्त्व’ हा शब्द तर अरबीत ‘बूदासफ’, ग्रीकमध्ये ‘इओआसाफ’ आणि लॅटिनमध्ये ‘जोसाफत’ झाला. बुद्धाच्या चरित्रावर बेतलेल्या कथेतला हा राजपुत्र युरोपात ख्रिस्ती संत म्हणून पूजला गेला. मूळ रूपाचाच हट्ट धरला असता, तर ही कथा तिथवर पोचली नसती.

म्हणून नावांच्या पुस्तिकेकडून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक नावापुढे त्याची पाली, संस्कृत आणि प्रचलित रूपे द्यावीत, ते कुठल्या ग्रंथात वा लेखात येते ते सांगावे आणि एकाहून अधिक अर्थ असतील तर तेही द्यावेत. ‘शुद्ध-अशुद्ध’ हा रकाना मात्र काढून टाकावा. रूप कुठले घ्यायचे ते आईबाप ठरवतील. त्यांनी ठरवलेले रूप दुरुस्त करण्याचा अधिकार टेबलापलीकडच्या कोणालाही नाही.

गेल्या पौषात धम्मदीपला मुलगी झाली. “काका, मैत्री की मेत्ता?” त्याने विचारले. मी दोन्हींविषयी जे माहीत होते ते सांगितले आणि गप्प राहिलो. नवरा-बायकोने ‘मेत्ता’ ठरवले. जन्मनोंदणीच्या दिवशी त्याने नाव मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद सोबत नेला, आणि नोंदवहीतले एकेक अक्षर त्या कागदाशी ताडून पाहिल्यावरच सही केली.