पोच मिळाली, काम झाले का?

गळीत हंगाम सुरू झाला की शिरोळच्या श्री दत्त साखर कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या गाड्या कुरुंदवाडच्या मुलांच्या ओळखीच्याच असतात. गाड्या रांगेत थांबतात, पाळी आली की ऊस गव्हाणीत पडतो. तोडणीचा आणि गाळपाचा वेग सारखा नसतो. ती तफावत रांग सांभाळते.

संकेतस्थळांमागेही हीच युक्ती असते. समजा, ६० पालकांना निकालाची पत्रे ई-मेलने पाठवायची आहेत आणि एका पत्राला २ सेकंद लागतात. शिक्षकाला २ मिनिटे पडद्यासमोर ताटकळत ठेवण्याऐवजी संगणक ६० कामे रांगेत लावतो आणि लगेच ‘स्वीकारले’ असे कळवतो. मागे बसलेली दुसरी आज्ञावली, म्हणजे ‘वर्कर’, ती एकेक करून उरकते.

ही सोय आयती देणारा ‘सेलरी’ हा पायथॉन भाषेतला संच २००९ पासून वापरात आहे. तो मोफत आहे, मोजक्या ओळींत जोडता येतो, वर्कर अनेक संगणकांवर वाटता येतात, फसलेले काम पुन्हा करून घेता येते. हे गुण खरेच आहेत. तक्रार आहे ती नवशिक्याशी त्याची ओळख ज्या पद्धतीने करून दिली जाते तिच्याबद्दल.

‘रांग लावली की संकेतस्थळ वेगवान होते’ असे सर्रास सांगितले जाते. तासाला ५० गाड्या येत असतील आणि ४० रिकाम्या होत असतील, तर ८ तासांनी ८० गाड्या शिल्लक राहणारच. रांगेमुळे चरकाची क्षमता वाढत नाही. तात्पुरती गर्दी तेवढी निभावते.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. वर्करने कामाची पोच केव्हा द्यायची? सेलरीच्या मूळ मांडणीत पोच काम सुरू करण्यापूर्वीच दिली जाते. मध्येच वीज गेली तर ते काम हरवते. काम संपल्यावर पोच देण्याची सोय आहे. पण पत्र गेले आणि पोच देण्याआधी वर्कर बंद पडला, तर तेच पत्र दुसऱ्यांदा जाऊ शकते. पत्र दोनदा गेले तर फार बिघडत नाही. फी दोनदा कापली गेली तर?

उपाय असा की प्रत्येक कामाला क्रमांक द्यावा आणि काम करण्यापूर्वी त्याची नोंद तपासावी. धोका कमी होतो, पण आपोआप शून्य होत नाही. हे सारे सेलरीच्या माहितीपुस्तिकेत आहे. परंतु तिच्या प्राथमिक पाठातले पहिले उदाहरण ४ आणि ४ यांच्या बेरजेचे आहे! बेरीज दोनदा केली तरी उत्तर ८ च. नेमकी अडचण ज्यात दिसत नाही असे हे उदाहरण आहे. त्याऐवजी पैसे वजा करण्याचे उदाहरण घेतले असते, तर पहिल्याच दिवशी योग्य प्रश्न पडला असता.

वर्गात हे संगणकाविना दाखवता येईल. दहा चिठ्ठ्यांवर ‘फळ्यावर एक रेघ ओढा’ असे लिहा. एका मुलाला ‘वर्कर’ करा आणि मध्येच त्याला बाहेर बोलवा. उरलेले काम दुसऱ्याने पुरे करावे. चिठ्ठीवर खूण रेघेआधी केली तर काय होते आणि नंतर केली तर काय होते, हे मुलांनाच फळ्यावरच्या रेघा मोजून सांगू द्या.