नावेचे शेवटचे नाव

मराठीत 'नाव' हा शब्द दोन अर्थांनी नांदतो. एक नाव पाण्यावर चालते, दुसरे ओळख देते. या दोन्ही अर्थांची गाठ जेथे पडते असा एक व्यवसाय आपल्या माझगावच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. दारूखान्यात जुनी जहाजे मोडली जातात. त्याच किनाऱ्यावर, हाकेच्या अंतरावर, माझगाव गोदीत नवी जहाजे बांधली जातात. जहाज बांधताना त्याचे नाव समारंभाने ठेवले जाते, नारळ फुटतो किंवा बाटली फुटते, भाषणे होतात. जहाज मोडताना मात्र नाव कसे उतरवले जाते, याकडे साहित्याचे आणि समीक्षेचे फारसे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत लेखात आम्ही त्याकडे लक्ष वेधू इच्छितो. आमच्या मते आंतरराष्ट्रीय व्यापारातील कंपन्यांची मानवी हक्कांविषयीची जबाबदारी हा वरकरणी कायद्याचा वाटणारा प्रश्न मुळात कथनाचा, म्हणजे कर्ता कोणास म्हणावे याचा, प्रश्न आहे.

हा विषय आपल्या समाजाला परका नाही. गोव्याहून मुंबईस आलेले कितीतरी तरुण कुडांत राहून बोटीवर लागण्याची वाट पाहत. आचारी, बटलर, खलाशी म्हणून त्यांनी परदेशी कंपन्यांच्या बोटींवर आयुष्ये काढली. बोटीवरच्या पगारातून घरे उभी राहिली, मुलांची शिक्षणे झाली. ज्या बोटींनी आपल्याला अन्न दिले त्या म्हाताऱ्या झाल्यावर कोणाच्या अंगावर कोसळतात, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. तो अधिकार आहे म्हणूनच कर्तव्यही आहे.

प्रथम काही नावे पाहू. १९६० साली फ्रान्समधील सँ-नाझेर येथे एका भव्य प्रवासी जहाजाचे जलावतरण झाले. राष्ट्राध्यक्ष द गॉल जातीने उपस्थित होते आणि जहाजाला देशाचेच नाव मिळाले : 'फ्रान्स'. पुढे १९७९ मध्ये ते विकले गेले आणि त्याचे 'नॉर्वे' झाले. २००३ मध्ये मायामी बंदरात त्याच्या बॉयलरचा स्फोट होऊन आठ खलाशी मृत्युमुखी पडले. त्यानंतर ते जर्मनी, मलेशिया असे फिरत २००६ साली गुजरातच्या अलंग किनाऱ्यावर आले, तेव्हा त्याचे नाव होते 'ब्लू लेडी'. त्याच्या पोटात बाराशे टनांच्या आसपास ॲस्बेस्टॉस असल्याचा अंदाज न्यायालयापुढे होता. ज्या देशाने आपले नाव दिले, ज्या कंपनीने त्यावर तिकिटे विकली, त्यांपैकी कोणाचेही नाव अखेरच्या क्षणी त्यावर नव्हते.

दुसरे उदाहरण फ्रेंच आरमाराच्या 'क्लेमांसो' या विमानवाहू जहाजाचे. एका थोर राजकारण्याचे हे नाव निवृत्तीनंतर उतरवले गेले आणि कागदोपत्री उरला तो फक्त 'क्यू ७९०' हा क्रमांक. २००५ च्या ३१ डिसेंबरला तुलाँ बंदरातून ते अलंगकडे निघाले. योगायोग असा की त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात आपल्या माझगाव गोदीत फ्रेंच आराखड्यानुसार पाणबुड्या बांधण्याचा करार झाला होता. नवे तंत्रज्ञान आणि जुने विष ही दोन्ही एकाच देशातून एकाच देशाकडे एकाच हिवाळ्यात निघाली होती. सुदैवाने गवगवा झाला, फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने फेब्रुवारी २००६ मध्ये निर्यातीस स्थगिती दिली, राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी जहाज परत बोलावले आणि अखेर इंग्लंडमध्ये ते मोडले गेले. म्हणजे क्रमांकाला पुन्हा नाव मिळाले, तेव्हाच जबाबदारी घरी परतली.

याच्या उलट आपल्या 'विक्रांत'चे झाले. १९६१ साली नौदलात दाखल झालेली ही विमानवाहू नौका १९९७ मध्ये निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती आणि २०१४ च्या नोव्हेंबरात दारूखान्यात तिच्या मोडतोडीस आरंभ झाला. पुढे २०१६ साली तिच्या पोलादाचा अंश असलेली मोटरसायकल बाजारात आली आणि जाहिरातीत 'विक्रांत' हे नाव अभिमानाने मिरवले गेले. आमचा आक्षेप त्या अभिमानाला नाही. परंतु यातून एक नियम हाती लागतो. जेथे नाव विकता येते तेथे ते टिकते, आणि जेथे नावामुळे काही देणे लागण्याचा संभव असतो तेथे ते पुसले जाते.

हे पुसणे आपोआप घडत नाही, त्याची रीत ठरलेली आहे. युरोपातील वा पूर्व आशियातील जहाजमालक आपले जुने जहाज सहसा थेट मोडणाऱ्याला विकत नाही. मध्ये रोखीने खरेदी करणारा दलाल असतो, त्यास या धंद्यात 'कॅश बायर' म्हणतात. तो जहाज घेतो, त्याचे नाव बदलतो, कोमोरोस, पलाऊ किंवा सेंट किट्स-नेव्हिस अशा एखाद्या देशाचा ध्वज शेवटच्या फेरीपुरता चढवतो आणि भरतीच्या पाण्यावर ते भारत, बांगलादेश वा पाकिस्तानच्या किनाऱ्यावर चढवले जाते. दक्षिण आशियात पोलादाला भाव अधिक मिळतो, कारण येथे मजुरी स्वस्त, सुरक्षेचा खर्च कमी आणि जहाजाचे पत्रे पुन्हा लाटून सळया करण्याचा उद्योग मोठा. टाकीत साचलेल्या वायूचा स्फोट, वरून सुटलेला पत्रा, उंचीवरून पडणे हे धोके त्याच दिवशी दिसतात. ॲस्बेस्टॉसचा धोका मात्र वीस-तीस-चाळीस वर्षांनी छातीत दिसतो. तोवर जहाजाचे शेवटचे नावही कोणास आठवत नसते, मग पहिले कोठून आठवणार?

येथे आम्हांस शाळेतील व्याकरणाची आठवण होते. 'मालक बोट विकतो' हा कर्तरी प्रयोग, क्रियापद कर्त्याचे ऐकते. 'मालकाने बोट विकली' हा कर्मणी, क्रियापद कर्माचे ऐकते. 'मालकाने कामगाराला ओळखले नाही' हा भावे प्रयोग, येथे क्रियापद मालकाचेही ऐकत नाही आणि कामगाराचेही ऐकत नाही. आंतरराष्ट्रीय जहाजव्यवहाराची कागदपत्रे जणू याच भावे प्रयोगात लिहिलेली असतात. जहाज मोडले जाते, अपघात घडतो, भरपाई दिली जाते अथवा दिली जात नाही. कृत्ये सर्व घडतात, पण कोणत्याही क्रियापदाला धनी नसतो.

या पार्श्वभूमीवर संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने जून २०११ मध्ये एकमताने स्वीकारलेली 'उद्योग आणि मानवी हक्क' यांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे एक ग्रंथ म्हणून वाचण्यासारखी आहेत. हार्वर्डचे प्राध्यापक जॉन रगी यांनी सहा वर्षांच्या खटपटीनंतर ती सिद्ध केली. एकूण ३१ तत्त्वे, तीन खांबांवर उभी : राज्याने हक्कांचे संरक्षण करावे, उद्योगाने हक्कांचा आदर राखावा, आणि पीडितास दाद मिळावी. या रचनेचे साहित्यिक यश असे की येथे कर्ता परत येतो. 'उद्योगाने' हा शब्द वाक्याच्या आरंभी उभा राहतो. तेराव्या तत्त्वाने तर कर्त्याची व्याप्ती वाढवली आहे. हानी स्वतः केली नसली, तरी आपल्या व्यापारसंबंधांतून ती आपल्या व्यवसायाशी थेट जोडलेली असेल, तर ती टाळण्याचा वा कमी करण्याचा प्रयत्न उद्योगाने करावा असे ते सांगते. दलालाच्या आड उभ्या असलेल्या जहाजमालकाला हे तत्त्व नेमके हात लावते.

परंतु याच ग्रंथाचे दौर्बल्यही त्याच्या क्रियापदांत आहे. राज्यासाठी 'कर्तव्य' हा शब्द योजला आहे, उद्योगासाठी 'जबाबदारी'. उद्योगाची सर्व क्रियापदे विध्यर्थी आहेत : करावे, राखावे, पाहावे. आज्ञा नाही, केवळ अपेक्षा आहे. रगी यांच्या बाजूने असे म्हणता येईल की याहून कठोर मसुदा सर्व राष्ट्रांनी कधीच मान्य केला नसता, आणि मान्य झालेले मवाळ वाक्य फेटाळलेल्या कणखर वाक्याहून उपयुक्त असते. हा युक्तिवाद आम्ही क्षुल्लक मानीत नाही. मात्र ज्या ग्रंथात दुर्बळाला दाद मिळण्याचा खांब सर्वांत बारीक आहे, त्याला पूर्ण ग्रंथ म्हणणे कठीण आहे.

दाद मागण्याचा एक प्रयत्न येथे नमूद करणे अगत्याचे वाटते. बांगलादेशात चट्टग्राम येथे २०१८ च्या मार्च महिन्यात जहाज मोडताना उंचावरून पडून एक कामगार मरण पावला. त्याच्या विधवेने लंडनमध्ये 'मारान (यूके)' या कंपनीवर दावा लावला. जहाजाचे मूळ नाव 'मारान सेंटॉरस'. शेवटच्या प्रवासापुरते त्याला दिलेले नाव होते 'एकता'. ज्या व्यवहाराने मालक, दलाल, आवार आणि मजूर यांची परस्परांपासून पुरती फारकत केली, त्याला हे नाव मिळावे, यावर आम्ही अधिक भाष्य करीत नाही. मार्च २०२१ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने हा दावा आरंभीच फेटाळण्यास नकार दिला. कंपनी दोषी आहे असे न्यायालयाने म्हटले नाही. जहाज कोठे जाणार हे ठाऊक असून विकणाऱ्याची काही जबाबदारी असू शकते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे, एवढेच ठरले. तरीही हे थोडे नव्हे. इंग्रजी कायद्यातील निष्काळजीपणाचे आधुनिक तत्त्व १९३२ साली लॉर्ड ॲटकिन यांनी मांडले, तेव्हा त्यांनी दयाळू शोमरोन्याच्या दाखल्याआधी शास्त्र्याने विचारलेल्या प्रश्नाचाच आधार घेतला होता : शेजारी कोण? आपल्या वाचकांना तो दाखला नव्याने सांगावयास नको. त्यातील शेजारी जवळ राहणारा नसतो, वाटेत पडलेला असतो, हे तेवढे ध्यानात घ्यावे.

आता कलेकडे वळू. ब्राझीलचे छायाचित्रकार सेबास्तियाव साल्गादो यांच्या 'वर्कर्स' या १९९३ च्या ग्रंथात बांगलादेशातील जहाज मोडणाऱ्यांची चित्रे आहेत. प्रचंड सांगाडे, धूर, आणि त्यांपुढे मुंगीएवढी माणसे. ही चित्रे भव्य आहेत आणि श्रमाला प्रतिष्ठा देणारी आहेत, यात शंका नाही. परंतु त्यांतील भव्यतेमुळे मोडतोड ही जणू निसर्गाची घटना भासू लागते. साल्गादो मूळचे अर्थशास्त्रज्ञ. चौकटीबाहेर एक विक्रीपत्र आहे आणि त्यावर एक सही आहे, हे त्यांच्याहून अधिक कोणास कळले असते? कॅमेऱ्याला सहीचे चित्र काढता येत नाही, ही मर्यादा आम्ही मान्य करतो. ती भरून काढण्याचे काम शब्दांचे आहे.

मराठी शब्दांनी ते केले आहे काय? नारायण सुर्वे यांनी मुंबईचा कामगार कवितेच्या मध्यभागी आणला. जयंत पवार यांच्या 'अधांतर' या १९९७ च्या नाटकाने १९८२ च्या संपानंतर मोडून पडलेले गिरणगावातील घर रंगमंचावर उभे केले. हे मोठे काम आहे. पण गिरणीचा मालक याच शहरात राहत होता. त्याच्या दाराशी मोर्चा नेता येत होता, त्याचे नाव घेऊन घोषणा देता येत होती. दारूखान्यातील कामगाराचा खरा प्रतिपक्ष अथेन्स, हाम्बुर्ग वा सिंगापूरला बसलेला असतो आणि त्याच्या दारावर त्याची पाटीही नसते. गिरणीच्या कथनाचा साचा येथे पुरा पडत नाही. दूर असलेल्या कर्त्याची कथा कशी सांगावी, हे आपल्या साहित्यापुढील अजून न सुटलेले कोडे आहे.

या लेखाला एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. मोडतोड थांबली तर मजुराची चूल विझेल. 'ब्लू लेडी' मोडण्यास परवानगी देताना २००७ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही सातशे कामगारांचा रोजगार आणि ४१ हजार टन पोलाद यांचा विचार केला होता. जुन्या पोलादाचा पुन्हा उपयोग व्हावा, हे पृथ्वीच्याही हिताचेच आहे. परंतु काम बंद करा असे आम्ही म्हणत नाही. याच न्यायालयाने २००३ मध्ये, जहाज मोडण्यापूर्वी त्यातील विष मालकानेच काढून द्यावे असे बजावले होते. रोजगार आणि विष यांची मोळी एकत्र बांधलीच पाहिजे असा काही नियम नाही. ती बांधल्याने कोणाचे पैसे वाचतात, एवढाच प्रश्न आहे.

हाँगकाँग येथे मे २००९ मध्ये झालेला जहाज-पुनर्वापराचा आंतरराष्ट्रीय करार अखेर जून २०२५ मध्ये अंमलात आला. भारत २०१९ मध्येच त्यात सामील झाला आणि त्याच वर्षी संसदेने तद्विषयक कायदाही केला. मोडण्यास निघालेल्या जहाजासोबत त्यातील घातक द्रव्यांची यादी असावी अशी त्यात तरतूद आहे. या यादीचे आम्ही स्वागत करतो. मात्र तीत द्रव्यांची नोंद आहे तशी नावांचीही असावी : जहाजाला आजवर मिळालेली सर्व नावे, त्याचे सर्व मालक, आणि ज्या मजुरांनी ते मोडले त्यांची हजेरी. या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबई बंदरातील कामगार संघटनेने या मजुरांना संघटित करावयास घेतले तेव्हा आरंभ पिण्याच्या पाण्यापासून आणि प्रथमोपचारापासून करावा लागला. पाण्याच्या पाठोपाठ नाव नोंदवणे आले, कारण ज्याचे नाव कोठेच नाही त्याला भरपाई कोण देणार?

जहाजाची तीन नावे बदलण्यास तीन सह्या लागतात. त्या सह्या कोणी केल्या हे शोधून लिहिणे कायदेपंडितांइतकेच लेखकांचेही काम आहे. माझगावात राहून मराठी लिहिणाऱ्याला त्यासाठी फार दूर जावे लागणार नाही. रे रोडच्या स्थानकावर उतरून पूर्वेकडे चालू लागले तरी पुरे.