टेक्स्ट एडिटरमधील कूटबद्धीकरण आणि पासफ्रेजची सुरक्षितता : एक चिकित्सा

लिहिलेला मजकूर हरवू न देणे ही टेक्स्ट एडिटरची पहिली जबाबदारी मानली जाते. त्यासाठी तो स्वॅप फाइल ठेवतो, बॅकअप घेतो, केलेले बदल मागे घेण्याची सोय करतो. कूटबद्धीकरणाची अपेक्षा नेमकी याच्या उलट असते. मूळ मजकुराच्या खुणा कोठेही उरू नयेत आणि पासफ्रेज, म्हणजे परवलीच्या शब्दाऐवजी वापरलेले परवलीचे वाक्य, शक्य तितक्या लवकर संगणकाच्या स्मृतीतून पुसले जावे, हे येथे अभिप्रेत असते. विम आणि ईमॅक्स या दोन एडिटरांनी हा विरोध कसा हाताळला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विमने कूटबद्धीकरणाचे काम स्वतःकडेच ठेवले. त्याची जुनी ‘झिप’ पद्धती दुर्बळ होती. या सांकेतिक रचनेवरील हल्ला बिहाम व कोचर यांनी १९९४ मध्येच मांडला होता. २०१० च्या ७.३ आवृत्तीत ब्लोफिश आली, तरी वापरणाऱ्याने वेगळी निवड न केल्यास ‘झिप’च लागू होत असे. शिवाय ब्लोफिशची विममधील योजनाही सदोष निघाली. फाइलच्या आरंभीच्या ६४ बाइटांत एकच सांकेतिक प्रवाह आठ वेळा वापरला जात होता. दोष ब्लोफिशचा नव्हता, ती बसवण्याच्या रीतीचा होता. २०१४ मध्ये ‘ब्लोफिश२’ने तो दूर केला. तरीही चुकीची पासफ्रेज दिल्यास या पद्धतींत इशारा मिळत नाही, केवळ निरर्थक चिन्हे दिसतात. त्या स्थितीत फाइल जतन झाली तर मूळ मजकूर गमावला जातो. ही उणीव भरून काढणारी एक्सचाचा२० पद्धती २०२१ मध्ये आली. एडिटर घडवणाऱ्यांनी कूटशास्त्रही हाती घेतल्याची ही किंमत म्हणावी लागते.

ईमॅक्सची भूमिका अधिक समंजस आहे. २००९ च्या २३ व्या आवृत्तीपासून त्यात ईझीपीजी समाविष्ट असून कूटबद्धीकरणाचे काम ते जीएनयूपीजीवर सोपवते. अशा फाइलींसाठी स्वयंचलित जतन मुळातच बंद असते. जीएनयूपीजीच्या पहिल्या पिढीत मात्र पासफ्रेज ईमॅक्सच विचारून पुढे देत असे. २००६ च्या २.० आवृत्तीपासून ही जबाबदारी जीपीजी-एजंट या स्वतंत्र प्रक्रियेकडे गेली आणि पासफ्रेज वेगळ्या खिडकीत विचारली जाऊ लागली. एडिटरला ती कळण्याचे कारणच उरले नाही. सोयीसाठी ‘लूपबॅक’ पर्याय सुरू करणारा वापरकर्ता मात्र हा लाभ स्वतःहून सोडून देतो.

तथापि ईमॅक्सची बाजूही निर्दोष ठरत नाही. जीपीजी-एजंट पासफ्रेज वापराविना ६०० सेकंद आणि जास्तीत जास्त ७,२०० सेकंद लक्षात ठेवतो. उलगडलेला मजकूर मात्र बफर बंद करेपर्यंत तसाच राहतो. किल्ली दहा मिनिटांत काढून घ्यायची आणि दार दिवसभर उघडे ठेवायचे, असा हा प्रकार आहे. ठरावीक वेळ गेल्यावर असा बफर आपोआप बंद करण्याची व्यवस्था दोन्ही एडिटरांत मुळात नाही. प्रश्नपत्रिकेचा मसुदा उघडा ठेवून लॅपटॉप हायबरनेट केल्यास स्मृतीतील तो मजकूर डिस्कवर लिहिला जातो, आणि डिस्क स्वतः कूटबद्ध नसेल तर तेथे तो वाचनीय रूपातच असतो.