चव्वेचाळीस दिवसांचें राज्य

खेळावर कादंबरी लिहावी आणि ती शहाण्यासुरत्या माणसांनीं वाचावी, ही गोष्ट आपल्याकडे अद्याप फारशी रूढ नाहीं. खेळ हा वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानाचा विषय, अशी आमचीही समजूत होती. डेव्हिड पीस ह्या इंग्रज लेखकाची 'द डॅम्ड युनायटेड' ही २००६ सालीं प्रसिद्ध झालेली कादंबरी आम्हीं प्रथम हातीं घेतली ती ह्याच समजुतीनें व कांहींशा अनिच्छेनेंच. ती खालीं ठेवली तेव्हां रात्रीचे दोन वाजून गेले होते. फुटबॉलचे नियम आम्हांस जेमतेम कळतात. तरीही असें कां झालें, ह्याचा शोध घ्यावा म्हणून हा लेख लिहीत आहों.

कादंबरीचा विषय दोन ओळींत सांगतां येतो. १९७४ च्या जुलैंत ब्रायन क्लफ हा लीड्स युनायटेड ह्या क्लबाचा मॅनेजर झाला, आणि त्याच वर्षीं १२ सप्टेंबर रोजीं त्यास निरोप देण्यांत आला. मधले दिवस चव्वेचाळीस. इंग्लंडांतील फुटबॉलचा मॅनेजर म्हणजे कचेरींत बसून हिशेब तपासणारा गृहस्थ नव्हे, एवढें येथें सांगितलें पाहिजे. खेळाडू विकत घेणें, विकणें, त्यांजकडून सराव करवून घेणें, सामन्याच्या दिवशीं कोणास मैदानावर पाठवावें व कोणास बसवून ठेवावें हें ठरविणें, सारें त्या काळीं त्याच्याच हातीं असे. आणि संघ हरला म्हणजे लोकांच्या शिव्याही त्याच्याच वांट्यास. लीड्स हा त्या वेळीं इंग्लंडचा विजेता संघ होता. आदल्या हंगामांतील पहिल्या २९ लीग सामन्यांत तो एकदांही हरला नव्हता.

हा संघ घडविला होता डॉन रेव्ही ह्यानें. १९६१ सालीं त्यानें कारभार हातीं घेतला तेव्हां लीड्स हा दुसऱ्या श्रेणींत खितपत पडलेला क्लब होता. तेरा वर्षांनीं इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचें काम पत्करून तो निघाला, तेव्हां दोन वेळां लीगचें विजेतेपद, एक एफ. ए. कप, एक लीग कप आणि युरोपांतील दोन करंडक एवढी पुंजी मागें ठेवून गेला. तो नुसता मॅनेजर नव्हता. घरचा कर्ता पुरुष होता. सामन्याच्या आदल्या रात्रीं हॉटेलांत सर्व खेळाडूंस एकत्र बसवून तो त्यांजबरोबर बिंगो खेळे. प्रतिस्पर्ध्यांच्या गुणदोषांचीं टिपणें करून तीं त्यांस पढवी. शकुन-अपशकुन तर इतके मानी कीं आपल्याकडील एकाद्या आजीबाईनें हात टेकावे. मुलें वयांत आलीं, विजयी झालीं, आणि बाप घर सोडून गेला. त्याच्या जागीं डायरेक्टरांनीं कोणास आणून बसविलें? ज्यानें आजवर वर्तमानपत्रांतून आणि टेलिव्हिजनवरून ह्या संघास दांडगट व लबाड म्हणून झोडपलें होतें, नेमक्या त्याच माणसास!

क्लफ हा कांहीं सामान्य माणूस नव्हे. खेळाडू असतांना त्यानें २७४ लीग सामन्यांत २५१ गोल केले. २७ व्या वर्षीं, १९६२ च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशीं, गुडघा जायबंदी झाला आणि खेळाडू म्हणून त्याचें आयुष्य जवळजवळ तेथेंच संपलें. पुढें डर्बी काउंटी ह्या मागासलेल्या क्लबास त्यानें दुसऱ्या श्रेणींतून वर आणलें आणि १९७२ सालीं इंग्लंडचें विजेतेपद मिळवून दिलें. ह्या सर्व कामांत पीटर टेलर हा मित्र त्याच्या खांद्यास खांदा लावून होता. खेळाडू पारखण्याची नजर टेलरची, त्यास पेटविण्याची जीभ क्लफची. लीड्सला जातांना टेलर बरोबर आला नाहीं. तो ब्रायटन येथेंच राहिला. आमच्या मतें कादंबरीची किल्ली येथें आहे.

पीस ह्यानें कथेची मांडणी दोन धाग्यांनीं केली आहे. लीड्सचे चव्वेचाळीस दिवस एकामागून एक येतात, आणि ते क्लफ स्वतःच्या तोंडानें 'मी' म्हणून सांगतो. ह्या दिवसांच्या मधून मधून मागील बारा वर्षांची हकीकत येते, ती मात्र 'तूं' म्हणून. तूं पडलास, तूं उठलास, तूं जिंकलास, अशा रीतीनें. भूतकाळाचा धागा लीड्सच्या दारापर्यंत येऊन थांबतो, आणि वर्तमानाचा धागा त्याच दारांतून बाहेर पडतो. ही केवळ कारागिरी आहे असें प्रथम वाटतें. परंतु शेंपन्नास पानें वाचून झाल्यावर ध्यानांत येतें कीं, टेलर जवळ नसल्यामुळें ह्या माणसास बोलावयास दुसरें कोणी उरलेंच नाहीं. म्हणून तो स्वतःलाच 'तूं' म्हणून हांक मारीत आहे. ह्या पुस्तकाचें मराठींत भाषांतर करूं जाणारास एक अडचण येईल. आपला 'तूं' देवास, आईस व भांडणांतील शत्रूस सारखाच चालतो, आणि 'तुम्ही' 'आपण' हे दुसरे दरवाजेही आपल्यापाशीं आहेत. इंग्रजीस एकच दरवाजा. पण येथें 'तूं'च घ्यावा लागेल, आणि त्यांत मूळापेक्षांही अधिक धार येईल अशी आमची अटकळ आहे.

शैलीविषयीं वाचकांस आधींच सावध करणें बरें. लहान लहान वाक्यें, तेंच तें पुन्हां पुन्हां, घणाचे घाव पडावे तशीं. शिव्यांची तर लयलूट आहे. कुटुंबांत मोठ्यानें वाचण्याजोगें हें पुस्तक नाहीं. ही पुनरुक्ति कांहीं ठिकाणीं खरोखरच कंटाळवाणी होते, आणि लेखकास स्वतःच्या तालाची नशा चढली आहे असें वाटतें. पण ज्याचें मन एकाच द्वेषाभोंवतीं घाण्याच्या बैलाप्रमाणें फिरत आहे, त्याचें स्वगत ह्याहून निराळें कसें असणार, असेंही लगेच मनांत येतें.

द्वेष कोणाचा? रेव्हीचा. कादंबरींतील क्लफ रेव्हीच्या टेबलावर कुऱ्हाड चालवितो. टेबल तुटतें, पण माणूस जात नाहीं. भिंतींत, गालिच्यांत, खेळाडूंच्या डोळ्यांत तो राहतोच. विशेष हें कीं, रेव्ही आणि क्लफ हे दोघेही एकाच मिडल्सबरो गांवांत जन्मलेले, दोघेही पुढच्या फळीचे खेळाडू, दोघेही संडरलंडकडून व इंग्लंडकडून खेळलेले. भाऊबंदकीच ही! पहिल्याच दिवसांत क्लफनें विजेत्या खेळाडूंस समोर बसवून सांगितलें कीं, तुमचीं पदकें कचऱ्याच्या पेटींत टाका, कारण तीं तुम्हीं सरळ मार्गानें मिळविलेलीं नाहींत. हें कादंबरीकाराचें कल्पित नव्हे. ह्या अर्थाचें तो बोलल्याचें त्या खेळाडूंनींच पुढें अनेकदां सांगितलें आहे. एडी ग्रे हा कुशल पण वारंवार जायबंदी होणारा खेळाडू. त्यास म्हणाला कीं, तूं घोडा असतास तर तुला केव्हांच गोळी घातली असती. ज्याचें स्वतःचें आयुष्य एका गुडघ्यापायीं उद्ध्वस्त झालें, त्यानें हें बोलावें! पीस ह्यानें बारा वर्षांपूर्वींची ती जखम 'तूं'च्या धाग्यांत आधींच दाखविलेली असल्यामुळें ह्या वाक्याचा क्रूरपणा आणि केविलवाणेपणा दोन्ही एकदम अंगावर येतात.

सामन्यांचा हिशेब थोडक्यांत उरकतों. १० ऑगस्टला वेम्ब्लीवर लिव्हरपूलशीं चॅरिटी शील्डचा सामना झाला. त्यांत लीड्सचा कप्तान बिली ब्रेम्नर आणि लिव्हरपूलचा केव्हिन कीगन ह्यांची मारामारी होऊन पंचानें दोघांसही बाहेर काढलें, आणि दोघांनींही अंगांतले शर्ट काढून भिरकावले. ब्रेम्नरवर पुढें अनेक आठवड्यांची बंदी आली. त्यानंतर सहा लीग सामने. एक जिंकला, दोन बरोबरींत सुटले, तीन गमावले. क्लफनें डर्बीहून आपले जुने खेळाडू मॅकगव्हर्न आणि ओहेअर आणले. मॅकगव्हर्नची लीड्सच्या प्रेक्षकांनीं हुर्यो केली. आणि मग गच्छंती.

येथें आमचा लेखकाशीं थोडा मतभेद आहे. पुस्तक वाचून असा ग्रह होतो कीं, अशा घरांत कोणीही आला असता तरी हेंच घडलें असतें. लीड्स ही जणूं शापित वास्तु होती. तसें नव्हतें. वेम्ब्लीवरील त्याच सामन्यांत समोर जो लिव्हरपूल होता, त्याचाही थोर मॅनेजर बिल शँक्ली त्याच उन्हाळ्यांत निवृत्त झालेला होता. त्याच्या जागीं बॉब पेझली आला. घरांतलाच, कमी बोलणारा, शँक्लीच्या हाताखालीं वर्षानुवर्षें राबलेला. पहिल्या हंगामांत त्यास मोठा करंडक मिळाला नाहीं, पण पुढें सहा वेळां लीग आणि तीन वेळां युरोपियन कप त्यानें जिंकला. बरें, बाहेरचा माणूस आला म्हणून लीड्सचें बिघडलें म्हणावें, तर डर्बीचें उदाहरण आहे. क्लफ गेल्यावर तेथील खेळाडूंनीं त्यास परत आणा म्हणून बंडच मांडलें होतें. त्या बंडांत डेव्ह मॅके येऊन उभा राहिला, क्लफनें जमविलेली माणसें त्यानें निंदा न करतां वापरलीं, आणि १९७५ सालीं डर्बी पुन्हां विजेता झाला. खुद्द लीड्सही जिमी आर्मफील्ड ह्या शांत माणसाच्या हातीं त्याच हंगामांत युरोपियन कपच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला व पॅरिस येथें बायर्न म्यूनिककडून हरला. त्याच वेळचे हे तीन वारसे लक्षांत घेतले म्हणजे क्लफचें अपयश दैवाचें न राहतां त्याचें स्वतःचें ठरतें. आणि कादंबरीच्या दृष्टीनें तें अधिक मोलाचें होतें. शापाच्या धुक्यांत पीस ह्यानें तें उगाच झांकून टाकलें, असें आम्हांस वाटतें.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ऐतिहासिक कादंबरीची आपणांस संवय आहे. रणजित देसाई ह्यांनीं 'स्वामी'मध्यें माधवराव पेशव्यांच्या तोंडीं जीं वाक्यें घातलीं, तीं ऐकावयास पेशवे नव्हते. त्यांस जाऊन जवळजवळ दोन शतकें लोटलीं होतीं. येथें काय? क्लफ २००४ सालीं वारला, आणि दोन वर्षांत त्याच्या डोक्यांतील विचार छापून निघाले. त्याच्या कुटुंबीयांस तें रुचलें नाहीं. जॉनी जाइल्स हा लीड्सचा खेळाडू तर हयात होता. आपण न केलेल्या गोष्टी आपल्या नांवावर घातल्या आहेत, अशी तक्रार त्यानें कायद्याच्या मार्गानें नेली, आणि प्रकाशकांस तडजोड करून पुढील आवृत्तींत मजकूर बदलावा लागला. 'ही कादंबरी आहे' एवढें म्हटल्यानें लेखक मोकळा होतो काय? आमच्या मतें होत नाहीं. क्लफच्या अंतरंगांत शिरण्याचा हक्क लेखकानें परिश्रमानें मिळविला आहे, तें मान्य. पण खेळाडूंस अंतरंगच दिलेलें नाहीं. ते दारापाशीं कुजबुजणाऱ्या सांवल्या होऊन राहिले आहेत. तेरा वर्षें ज्यानें वाढविलें तो निघून गेला, आणि आलेला मनुष्य म्हणतो कीं तुमचें सारें आयुष्य खोटें. त्या मुलांचीही एक कथा होती.

२००९ सालीं टॉम हूपर ह्यानें ह्यावर चित्रपट काढला. मायकेल शीन ह्याचा क्लफ पाहण्यासारखा आहे, आणि टेलरशीं असलेली मैत्री तेथें अधिक गोड करून दाखविली आहे. कुटुंबासह पाहावयाचें असेल तर चित्रपटच बरा. मात्र पुस्तकांतील एकाकीपणा त्यांत पातळ झाला आहे.

ज्यांस पुस्तक वाचावयाचें आहे त्यांनीं नंतरची, दुरुस्त केलेली आवृत्ति घ्यावी. आणि वाचून झाल्यावर १२ सप्टेंबरच्या त्याच संध्याकाळीं यॉर्कशायर टेलिव्हिजनवर झालेली मुलाखत अवश्य पाहावी. नुकताच हाकललेला क्लफ आणि रेव्ही शेजारीं शेजारीं बसले आहेत. क्लफ म्हणतो कीं, मला लीग अधिक चांगल्या रीतीनें जिंकावयाची होती. रेव्ही विचारतो कीं, आम्ही हंगामांत चारच सामने हरलों, ह्याहून चांगलें काय करणार होतास? तर मग मी तीनच हरलों असतों, असें क्लफचें उत्तर. पुढें टेलर परत आला, आणि १९७९ व १९८० ह्या दोन्ही सालीं क्लफच्या नॉटिंगहॅम फॉरेस्ट संघानें युरोपियन कप जिंकला. दोन्ही वेळां तो उचलणारा कप्तान होता जॉन मॅकगव्हर्न.